चाकांवरचं घर आणि त्याची गळती

१९२९ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट भागातला एक माणूस बायकामुलांना घेऊन सहलीला निघाला. त्याचं नाव आर्थर शर्मन. पेशाने जीवाणुशास्त्रज्ञ, एका औषध कंपनीचा अध्यक्ष, म्हणजे खाऊनपिऊन सुखी. त्याने गाडीच्या मागे ओढायचा एक तंबू-ट्रेलर नुकताच विकत घेतला होता. पाच मिनिटांत उभा राहतो आणि पाणी आत येत नाही, अशी त्याची जाहिरात होती. वाटेत वादळी पाऊस आला. तंबू काही पाच मिनिटांत उभा राहिला नाही आणि शर्मन कुटुंब नखशिखांत भिजलं.

असा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकावर आलेला असतो. आपण दुकानदाराला चार शिव्या घालतो आणि विसरतो. शर्मन विसरला नाही. त्याने घरी येऊन एका सुताराकडून चाकांवरची खोलीच बनवून घेतली. सहा फूट रुंद, नऊ फूट लांब, पक्क्या भिंतींची. लोक ती बघून विचारायला लागले, तेव्हा १९३० च्या डेट्रॉइट ऑटो शोमध्ये त्याने ती मांडली. तिचं नाव ठेवलं ‘कव्हर्ड वॅगन’. जुन्या वसाहतवाल्यांच्या कापडी छपराच्या गाड्यांना अमेरिकेत हेच म्हणत. १९३६ पर्यंत शर्मनची कंपनी ट्रेलर बनवणारी देशातली सगळ्यात मोठी कंपनी झाली होती. त्या वर्षी तिने सुमारे ६ हजार ट्रेलर बनवले. तेही महामंदीच्या काळात.

म्हणजे चाकांवरच्या घरांचा हा अवाढव्य धंदा भरभराटीला आला तो एका गळतीमुळे. या गोष्टीतली गंमत पुढे आहे. पावसापासून वाचण्यासाठी शर्मनने भिंतींना वापरलं मॅसोनाइट, म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू वाफेने फुलवून, दाबून केलेला पत्रा. स्वस्त, गुळगुळीत, हलका. आणि कापलेल्या कडेतून पाणी प्यायला लागला की पावासारखा फुगणारा.

त्यानंतर शंभर वर्षं होत आली. सामान बदललं, चूक तीच राहिली. ती तशी का राहिली, हे या लेखात सांगायचं आहे.

मी या भानगडीत कसा

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांसारखाच सॉफ्टवेअरमध्ये आलो. सध्या कॅलिफोर्नियात, बे एरियात नोकरी करतो. माझं मूळ गाव चिपळूणच्या बाजूला. कौलारू घर, पुढे पडवी. मे महिना उजाडला की घर शाकारायचं, म्हणजे सगळी कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून, वाशे-रिपा ठोकून बघून परत चढवायची. हे काम मी लहानपणी खालून कौलं देण्यापुरतं केलंय. छप्पर ही दरवर्षी हात लावायची गोष्ट असते, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

मी राहतो त्या इमारतीच्या मागच्या रस्त्यावर जुनी मोटरहोम्स उभी असतात. मोटरहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं घर: आत पलंग, ओटा, मोरी, संडास. त्यातल्या एका १९८९ सालच्या गाडीत एक साठी उलटलेले मेक्सिकन सुतार राहायचे. तिकडे कारागिराला ‘माएस्त्रो’ म्हणतात. आपल्या ‘मेस्त्री’ शब्दाचं मूळ पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ आहे आणि हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन आईची लेकरं. म्हणून मी त्यांना सरळ मेस्त्री म्हणायला लागलो. ते मला ‘मिहो’ म्हणत, म्हणजे बाळा.

डिसेंबर २०२२ च्या शेवटापासून जानेवारी २०२३ च्या मध्यापर्यंत कॅलिफोर्नियावर एकामागोमाग एक अशा नऊ ‘वातावरणीय नद्या’ येऊन आदळल्या. वातावरणीय नदी म्हणजे समुद्रावरून येणारा वाफेचा लांबच लांब पट्टा. तो डोंगराला अडला की दिवसचे दिवस पाऊस. कोकणातल्या माणसाला त्याचं अप्रूप वाटू नये, पण इथली घरं त्या पावसासाठी बांधलेली नाहीत आणि इथली मोटरहोम्स तर नाहीतच. मेस्त्रींच्या पलंगावर पाणी आलं. ते तीन आठवडे खाली बाकावर झोपले. मार्चमध्ये आम्ही दोघांनी गाडी उघडायची ठरवलं आणि त्या निमित्ताने मी हा सगळा इतिहास वाचत गेलो.

लाकूड कुजतं म्हणजे काय होतं

पाण्याने लाकूड कुजत नाही. पाण्यात बुडून राहिलेला ओंडका शेकडो वर्षं टिकतो. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला चार गोष्टी लागतात: अन्न, हवा, बेताची ऊब आणि ओल. घरात पहिल्या तीन कायमच असतात. त्यामुळे माणसाच्या हातात उरते फक्त चौथी.

लाकडातली ओल वजनाच्या वीस टक्क्यांखाली ठेवली तर बुरशी वाढत नाही. तीस टक्क्यांच्या आसपास लाकडाचे तंतू पाण्याने भरून तृप्त होतात आणि मग तिची चंगळ सुरू होते. तपकिरी कूज करणाऱ्या जातीच्या बुरशा लाकडातलं सेल्युलोज खातात आणि लिग्निन मागे ठेवतात. मग लाकूड तपकिरी पडतं, आडवं-उभं तडकतं आणि बोटाने दाबलं की चौकोनी तुकड्यांमध्ये सुटतं. सगळ्यात वाईट गोष्ट ही की डोळ्यांना काही दिसायच्या आधीच काम झालेलं असतं. वजन दहा टक्केही घटायच्या आत लाकडाचा चिवटपणा निम्म्याहून जास्त गेलेला असू शकतो. बाहेरून वाशाला काही झालेलं नसतं, आतून तो बिस्किट झालेला असतो.

यातल्या सर्वांत कुप्रसिद्ध बुरशीचं शास्त्रीय नाव ‘सर्पुला लॅक्रिमान्स’. लॅक्रिमान्स म्हणजे अश्रू ढाळणारी, कारण तिच्या अंगावर पाण्याचे थेंब जमतात. युरोपातली जुनी घरं हिने पोखरली. पण जंगली अवस्थेत ती सापडते आपल्या हिमालयातल्या रानात. मोटरहोममध्ये बहुतेक वेळा ती नसते, तिच्या चुलत बहिणी असतात. करणी तीच.

या बुरशीने साम्राज्यांना घाम फोडलेला आहे. नेपोलियनशी लढाई चालू असताना ब्रिटिश नौदलाला ओक लाकडाची टंचाई पडली. घाईत कच्चं, ओलं लाकूड वापरलं गेलं. ‘क्वीन शार्लट’ नावाची प्रचंड युद्धनौका १८१० मध्ये पाण्यात सोडली आणि ती मोहिमेवर निघण्याआधीच कुजायला लागली होती. वापरण्याआधीच दुरुस्तीला.

त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले पारशी कारागीर मलबारच्या सागवानातून जहाजं बांधत होते. सागात नैसर्गिक तेलं असतात, ती बुरशीला आणि किडीला मानवत नाहीत. १८१० मध्येच जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ‘मिंडेन’ पाण्यात उतरली. १८१७ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतच ‘त्रिंकोमाली’ उतरली. ही दुसरी आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षं उलटली. तिची वेळोवेळी डागडुजी झाली आहे, पण मूळ सागवान अजून तिच्या अंगात आहे.

म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसाला दोन गोष्टी अनुभवाने पक्क्या ठाऊक होत्या. एक, कोणतं लाकूड टिकतं. दोन, सांधा कुठे उघडा राहिला की ते कुजतं. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टरने हौसेसाठी फिरायला ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची गाडी बनवून घेतली, तेव्हा ब्रिस्टलच्या कारखान्याने ती महोगनी आणि मेपलमध्ये घडवली. तीही अजून शाबूत आहे. सहलीच्या गाड्यांची ती आद्य आजी मानली जाते. मग नातवंडं दहा-वीस वर्षांत का कुजतात?

अर्ध्या किमतीत घर

उत्तर किमतीत आहे. १९५८ मध्ये मिशिगनमधल्या ब्राऊन सिटी या छोट्या गावात रे फ्रँक नावाच्या माणसाने आपल्या कुटुंबासाठी ट्रकच्या सांगाड्यावर घर बांधलं. ‘मोटर होम’ हा शब्द रुळवण्याचं श्रेय त्याला देतात. १९६१ पासून तो डॉजच्या सांगाड्यावर ती बांधून विकू लागला. ती चांगली होती आणि महाग होती.

त्याच सुमारास आयोवातल्या फॉरेस्ट सिटीची शेतीवरची कमाई आटत होती. गावातल्या लोकांनी खटपट करून १९५८ मध्ये ट्रेलरचा एक कारखाना आणला. तो डबघाईला आला तेव्हा तो चालवायला घेणाऱ्यांत पुढे होता जॉन हॅन्सन. त्याचं फर्निचरचं दुकान होतं आणि अंत्यसंस्कारांचा व्यवसायही. या कंपनीने आपल्या जिल्ह्याचंच नाव घेतलं: विनेबागो. १९६६ मध्ये तिने मोटरहोम काढलं, इतरांच्या जवळजवळ निम्म्या किमतीत. मोटारीसारखी हलती साखळी, एकामागून एक गाडी. काही वर्षांत अमेरिकेत कुठल्याही मोटरहोमला लोक ‘विनेबागो’ म्हणायला लागले, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो.

विनेबागोची भिंत हा तेव्हा एक हुशार शोध होता. बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये थर्मोकोलसारखा फोम, आत पातळ पॅनेल, सगळं चिकटवून एक सँडविच. हलकं, उबदार, झटपट. पुढे बाकीच्यांनीही आपापली सँडविचं बनवली. कुणी पत्र्याऐवजी फायबरग्लास लावलं आणि त्याच्या पाठीला लुआन प्लायवूड. लुआन हे आग्नेय आशियातल्या जंगलांमधलं हलकं लाकूड, त्याची पाच-सहा मिलिमीटरची पातळ प्लाय होते. जिथे चिकटवायचं तिथे डिंक आणि जिथे जोडायचं तिथे हवेच्या बंदुकीने मारलेल्या स्टेपल. सांगाड्याला पाइनच्या दोन-दोन इंची रिपा. सागाची तेलं नाहीत, ओकची घनता नाही. ही भिंत कोरडी असेपर्यंत उत्तम. एकदा पाणी आत शिरलं की सँडविच म्हणजे स्पंजच. बाहेर पत्रा, आत प्लास्टिकचा गुळगुळीत वॉलपेपर, वाळायला वाटच नाही.

हा सगळा उद्योग नंतर इंडियानातल्या एल्कहार्टच्या परिसरात एकवटला. अमेरिकेतली ऐंशी टक्क्यांहून जास्त अशी वाहनं आज तिथे बनतात. तिथल्या कारखान्यांमध्ये नगावर मजुरी द्यायची पद्धत रुजलेली आहे. दिवसाचा ठरलेला आकडा झाला की घरी. आता तुम्हीच विचार करा, नगावर पैसे मिळणारा माणूस खिडकीच्या चौकटीभोवती सीलंटची पट्टी कोपऱ्यात दुमडून नीट लावेल की पुढच्या खिडकीकडे वळेल? मी त्या कामगाराला दोष देत नाही. आमच्याकडे स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी काय होतं ते मला माहीत आहे.

साडेसात मिलिमीटर

कारागीर कितीही चांगला असला तरी एक शत्रू उरतोच: गणित.

आठ मीटर लांबीचं ॲल्युमिनियमचं छप्पर घ्या. थंडीच्या पहाटेपासून उन्हाच्या दुपारपर्यंत पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडणं साधी गोष्ट आहे. ॲल्युमिनियम दर अंशाला एक मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. आठ गुणिले चाळीस गुणिले तेवीस, म्हणजे जवळजवळ साडेसात मिलिमीटर. त्याच्याखालची पाइनची रीप तंतूंच्या दिशेने तेवढ्याच वेळात फार तर दीड मिलिमीटर वाढते. म्हणजे रोज, न चुकता, छप्पर आणि सांगाडा एकमेकांवरून सहा मिलिमीटर घासतात. त्या दोघांना धरून ठेवणारे स्क्रू आपापली भोकं रोज थोडी मोठी करतात.

त्यात गाडी धावते. खड्ड्यात एक चाक गेलं की सगळी खोली पिळते. तुमच्या फ्लॅटला रोज तासभर भूकंप देऊन बघा, काय होईल. आणि छपराला भोकं तरी किती: हवा येण्याची झाकणं, फ्रिजची धुरांडी, संडासाची नळी, ॲन्टेना, वातानुकूलन यंत्र. इतकंच काय, ८० इंचांहून रुंद वाहनाच्या कपाळावर दिवे लावायची अमेरिकन कायद्याची सक्ती आहे. रात्री समोरच्याला गाडीची रुंदी कळावी म्हणून. सुरक्षेसाठीच, पण तीही भोकंच.

याला उत्तर शोधणारे लोकही होऊन गेले. १९३६ मध्ये वॉली बायमने एअरस्ट्रीमचा चंदेरी ट्रेलर काढला, विमानासारखा रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या गोल कवचाचा. कवच ऐंशी वर्षं टिकलं, पण आतली जमीन प्लायवूडचीच. जुनी एअरस्ट्रीम घेणारा माणूस आधी मागच्या कोपऱ्यात वाकून जमीन टोचून बघतो. १९७३ मध्ये जनरल मोटर्सने स्वतः एक मोटरहोम बनवलं: ॲल्युमिनियमचा सांगाडा, वर फायबरग्लास आणि ॲल्युमिनियमचं अंग, पुढच्या चाकांना ताकद दिल्यामुळे खाली बसकी जमीन. भिंतींत कुजायला लाकूडच जवळजवळ नव्हतं. त्याच ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. १९७८ मध्ये, सुमारे १३ हजार गाड्या बनवून, जनरल मोटर्सने ते बंद केलं. त्यातल्या कितीतरी आजही रस्त्यावर आहेत. म्हणजे न कुजणारं घर बनवता येत होतं. ते निम्म्या किमतीत बनवता येत नव्हतं.

पंक्चर काढणे

तर मेस्त्रींची गाडी. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला पलंग असतो तसली. अशा गाड्यांचं हे कपाळ हमखास गळतं, कारण धावताना पाऊस सरळ तिथेच आपटतो.

पाणी आत जिथे दिसतं तिथून ते आलेलं नसतं. ते रिपेवरून, वायरवरून, स्टेपलवरून सरपटत येतं आणि सोयीच्या ठिकाणी टपकतं. मेस्त्रींच्या आधीच्या मालकाने ओल खिडकीपाशी दिसली म्हणून खिडकीभोवती सिलिकॉनचे थरावर थर थापले होते. सिलिकॉन स्वतः चांगलं असतं, पण त्याच्यावर दुसरं काहीही चिकटत नाही, पुढचा सीलंट नाही, रंग नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धड नाही. ते खरवडायलाच आमचा एक अख्खा शनिवार गेला, प्लास्टिकच्या पात्याने, पत्र्याला ओरखडा न येता.

मग गळती शोधायची. पंक्चरवाला ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात बुडवतो, तेच आम्ही उलटं केलं. सगळ्या खिडक्या, मोऱ्या, झाकणं चिकटपट्टीने बंद केली. छपरातल्या एका झाकणात पुठ्ठा बसवून पानं उडवायच्या यंत्राने आत हवा फुंकली आणि बाहेरून साबणाचं पाणी शिंपडलं. मी खिडकीकडे बघत बसलो होतो. बुडबुडे आले वरून, कपाळावरच्या पाच नारिंगी दिव्यांपैकी दोघांच्या खालून आणि उजव्या कोपऱ्याच्या पट्टीतून. मेस्त्री हसले आणि म्हणाले, “मिहो, खिडकी बिचारी साक्षीदार होती.”

कोपऱ्याची पट्टी उघडली. तिच्या खाचेतली प्लास्टिकची दोरी ओढली की आतले स्क्रू दिसतात. ते इतके गंजले होते की काहींचं डोकंच हातात आलं. पट्टीखालची जुनी पुट्टी वाळून खडूसारखी झाली होती. पत्रा वाकवून बाजूला केला आणि कुजकट वास आला, पावसाळ्यात बंद राहिलेल्या माळ्यासारखा. पाइनची उभी रीप दीड फूट नुसता भुसा होती. आडवी रीप वरून धड दिसत होती, टोच्या मारला तर मुठीपर्यंत आत गेला.

ओल मोजायचं एक छोटं यंत्र येतं, दोन सुया लाकडात खुपसायच्या, विद्युतरोधावरून ते टक्के सांगतं. कुजलेल्या भागाजवळ आकडा ३४. चार फूट लांब, जिथे काही दिसत नव्हतं तिथे २३. मी म्हटलं, इथपर्यंत कापू. मेस्त्री म्हणाले, “अजून दोन वीत पुढे. कुजकं लाकूड खोटं बोलतं.” आपल्याकडचा कुठलाही सुतार हेच म्हणाला असता.

कापलं. मग दोन आठवडे काहीच केलं नाही. ही दुरुस्तीतली सगळ्यात अवघड पायरी. एप्रिलचं कोरडं ऊन, दिवसभर जनरेटरवर एक पंखा, रात्री वर ताडपत्री. आकडा १२ वर आल्यावरच नव्या लाकडाला हात लावला. उरलेल्या जुन्या लाकडाला बोरॅक्सच्या जातीचं बोरेटचं द्रावण पाजलं, ते बुरशीला विष असतं. नव्या रिपा डग्लस फरच्या. मेस्त्रींनी त्या नुसत्या टोकाला टोक लावून ठोकल्या नाहीत, दोन्हीकडून अर्धं-अर्धं कापून एकमेकांत बसवल्या. त्यांच्या पटाशीचं पातं झिजून अंगठ्याएवढं उरलं होतं. सांध्यात कागद जाईना.

शेवटी बंदोबस्त. बुटाइल रबराची पट्टी लावली. हे रबर १९३७ मध्ये तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलं, पुढे टायरच्या ट्यूबमध्ये वापरलं गेलं, कारण त्यातून हवा जवळजवळ निसटत नाही. त्याचा खरा गुण असा की ते कधीच पूर्ण वाळत नाही. पत्रा सहा मिलिमीटर सरकला तर तेही सरकतं. पट्टीवर पत्रा, त्यावर कोपऱ्याची पट्टी, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, फार न आवळता. आवळलं की सगळं रबर बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. दोन दिवस उन्हात बसू दिलं, पुन्हा हलकेच आवळलं, बाहेर आलेलं रबर कापलं, मग वरून छपराचा सीलंट ओतला. दिव्यांच्या खालीही तेच. खर्च सुमारे चारशे डॉलर आणि सहा शनिवार-रविवार.

पाणी कुणावर पडतं

दुकानात नवं मोटरहोम बघणारा माणूस वर्षातले तीन आठवडे त्यात राहणार असतो. उरलेले एकोणपन्नास ते छपराखाली झाकून ठेवणार असतो. ही भिंत त्याच्यासाठी बेतलेली आहे आणि त्या हिशोबाने ती चूक नाही. पण गाडी त्याच्याकडे राहत नाही. ती जुनी होते, विकली जाते, पुन्हा विकली जाते आणि जेव्हा तिचे सांधे उघडलेले असतात नेमकं तेव्हा, ज्याला तिच्यात बाराही महिने राहायचं आहे त्याच्याकडे येते. शर्मनच्या काळातही हेच झालं. सहलीसाठी निघालेले ट्रेलर मंदीत बेघरांचं घर बनले आणि दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांच्या कामगारांची वस्ती.

२००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर अमेरिकन सरकारने एक लाख चाळीस हजारांहून अधिक ट्रेलर आणि फिरती घरं घेतली. घाईत, हजारोंनी बनवलेली. लोक त्यांत वर्षानुवर्षं राहिले. खोकला, डोळ्यांची आग यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २००७ च्या डिसेंबरपासून २००८ च्या जानेवारीपर्यंत सरकारी आरोग्य संस्थेने ५१९ ट्रेलर तपासले. प्लायवूड आणि पॅनेलच्या डिंकातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचं सरासरी प्रमाण अब्जात ७७ भाग निघालं. साध्या घरांत ते १० ते २० असतं. २०१० मध्ये त्यावर कायदा झाला. ट्रेलर मात्र लिलावात विकले गेले, ‘राहण्यासाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून. अशी चिठ्ठी किती दिवस टिकते हे सांगायला नको.

बे एरियात आमच्यासारख्यांच्या पगारांनी भाडी वर नेली आणि ज्यांचे पगार वर गेले नाहीत ते रस्त्यावरच्या मोटरहोममध्ये आले. हे वाक्य लिहिताना मी स्वतःला त्यातून वगळू शकत नाही. माझ्या एका महिन्याच्या भाड्यात मेस्त्रींच्या गाडीची निम्मी किंमत निघाली असती. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये माउंटन व्ह्यू शहराने मतदान घेऊन अरुंद रस्त्यांवर मोठी वाहनं उभी करायला मनाई केली. नंतर कोर्टकचेऱ्या झाल्या, तडजोड झाली. इतर शहरांनीही आपापले फलक लावले. गाडी हलवायला सांगणं सोपं असतं, चाकं असतातच. पण कपाळ कुजलेलं मोटरहोम हलवलं की ते आणखी उघडतं.

त्या वर्षीचा पहिला मोठा पाऊस डिसेंबरात आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी यंत्र घेऊन गेलो. नव्या रिपेत ११, जुन्या रिपेत १३. मेस्त्रींनी वरचा पलंग आवरून ठेवला होता, उशीला स्वच्छ अभ्रा होता. जानेवारीत आमच्या रस्त्यावरही फलक लागला. मेस्त्री गाडी घेऊन खाडीच्या पलीकडे गेले, एका ओळखीच्या माणसाच्या गोदामामागे जागा मिळाली म्हणून.

जाताना त्यांनी मला एक काम सांगितलं. दर वर्षी पावसाआधी छपरावर चढून सगळे सांधे हाताने चाचपायचे, कुठे सीलंट तडकलाय का बघायचं. त्यांचे गुडघे आता शिडीला ऐकत नाहीत. आमच्याकडे हे काम मे महिन्यात असतं. इथे ऑक्टोबरात. तारीख मी फोनमध्ये घालून ठेवली आहे.